तिसरी गोळी

कुताइसीच्या इस्पितळात तेव्हा वीज असायची
दिवसातून दोन तास. शनिवारचा तर भरवसाच नाही.
त्या शनिवारी होती,
म्हणून त्सिउरीचा एक्स-रे निघाला.

नेत्याला पुढच्या दाराने आणलं होतं,
सोबत सतरा डॉक्टर, दोन मंत्री, एक पाद्री.
हिला मागून, रॉकेलवाल्याच्या हातगाडीवर.
केसांत सूर्यफुलाच्या बिया,
एप्रनच्या खिशात सुटे पैसे,
मुठीत मापाचा काचेचा पेला.
त्याला तडाही गेला नव्हता.
'हा कुणाकडे देऊ?' एवढंच विचारत राहिली.

नेता वारला सव्वाचारला.
ती जगली.
जगणाऱ्याची वेळ कुणी लिहून ठेवत नाही.

फिल्म ओली होती तेव्हाच मी खिडकीशी धरली.
डाव्या खुब्याच्या हाडात, जरा तिरकी,
खजुराच्या बीएवढी,
पांढरीशुभ्र.

आयोगाने नऊ महिने घेतले.
मारेकरी एक. नाट्यगृहाची गच्ची. गोळ्या दोन.
दोन्ही नेत्याच्या छातीत मिळाल्या,
दोन्ही आता राजधानीत, मखमलीवर, काचेखाली.
हिशेब चोख.
मग ही?
आणि ही तर पाठीमागून आलेली,
रिओनीवरच्या पुलाकडून,
जिथे त्या दिवशी
फक्त आपलेच पोलीस उभे होते.

मला कुणी धमकावलं नाही, हे आधीच सांगतो.
एक गृहस्थ आले. टोपी काढून बसले.
माझ्या मुलीचं नाव त्यांना ठाऊक होतं,
शाळा सुटायची वेळसुद्धा.
जाताना कोवळ्या अक्रोडांच्या मुरंब्याची
बरणी ठेवून गेले.
मी नोंदवहीत लिहिलं:
'जिन्यावरून पडल्याने खुब्याला इजा.'
माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.
मुरंबा आम्ही खाल्ला.

पेन्शनच्या खिडकीवर तिला विचारलं,
कुठल्या जिन्यावरून पडलात?
तिच्या घराला जिना नव्हता.
दोन पायऱ्या होत्या, त्यातली एक शेजाऱ्यांची.

ती बसायची तिथे आता पुतळा आहे.
हात उंचावलेला, बोट पुलाकडे.
(शिल्पकाराला काही माहीत नसावं.)
ती बस थांब्याच्या वळचणीला गेली, काठी टेकत.
जुन्या वर्तमानपत्रांच्या पुड्या वळते.
शरद ऋतू आला, पुण्यतिथी आली
की प्रत्येक पानावर तोच.
कपाळ आत जातं, हनुवटी बाहेर राहते,
आणि त्याच्यात ती बिया भरते काठोकाठ,
वर चिमूटभर जास्त.

एकदा मी विचारलं, त्याचा राग नाही येत?
'त्याचा कसला राग,' म्हणाली.
'लोक हात मिळवायला धावत होते,
हा वाकून म्हणाला, एक पेला द्या मावशी.
नोट मोठी होती. मी सुटे मोजत होते.
नको म्हणाला असता तर पुढे गेला असता.
थांबला.
मी सावकाश मोजते ना, ओतार.
मला तेव्हाही नीट दिसत नव्हतं.'

इतकी वर्षं मी समजत होतो
की त्याच्या मरणात ही सापडली.

दर नोव्हेंबरला ती येते.
धुकं नदीवरून चढून इस्पितळाच्या दारापर्यंत येतं,
त्याच्यामागून काठीचा आवाज.
टेबलावर आडवी होते, छताकडे बघते.
'आहे का भाडेकरू?'
आहे.
'हलला?'
नाही.
अकरा फिल्म माझ्या कपाटामागे आहेत.
नोंदवहीत त्यांतली एकही नाही.

मी पैसे घेत नाही.
तरी ती रुमालाची गाठ सोडते.
दोन गाठी असतात. एक माझ्यासाठी.
दुसरीत त्याचे उरलेले सुटे,
ज्या देशाचे ते होते तो देश राहिला नाही,
ती नाणी कुणी घेत नाही.
ती पुन्हा मोजते, सावकाश,
पुन्हा बांधून ठेवते.
माझे मात्र हातात कोंबते.
'घे रे.
दुसऱ्याचे पैसे राहिले की
पाय दुखतो.'